खिळ्यांचा हिशेब

लिहा, की मी एव्हर्ट, 'पांढरा बगळा' जहाजाचा दुय्यम सुतार,
होर्न गावी, तुमच्याच घरी,
उजवा हात उचलत नाही म्हणून डावा बायबलवर ठेवून सांगतो.

निघताना खिळे: चार पिंपं.
वीतभर लांब, चौकोनी अंगाचे, माझ्या सासऱ्याच्या भट्टीतले.
माझ्या हातोडीचा कोपरा उडालेला.
मी ठोकलेल्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर तिची तिरकी खूण.
परत किती आले, हे तुम्ही विचारता.
माणसांसाठी तुमच्या वहीत रकाना नाही.

अकराव्या महिन्यात हिरड्या सडल्या.
दात बिस्किटात रुतून राहायचे.
कप्तान ब्रांडाउ नकाशावर बोट ठेवून म्हणायचा, इथे खंड आहे.
बोटाखाली पाणीच होतं.
मग एका पहाटे मिठाच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळला
आणि सत्तर माणसं कठड्याशी रडत उभी.

त्या बेटाला ते लोक फेनुआइती म्हणत.
आम्ही त्याला कंपनीच्या एका भागीदाराचं नाव दिलं.
ते कुणी कधी उच्चारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

होड्या आल्या. शहाळी, सुरणासारखे कंद, भाजलेला नीरफणस.
पहिल्या दिवशी एका खिळ्याला एक डुक्कर.
पाचव्या दिवशी डुकराला पाच.
आठव्या दिवशीचा भाव सांगत नाही,
तुमची मुलगी शेजारच्या खोलीत आहे.
पिंपं संपली.
मग लोकांनी झोळ्यांचे खिळे काढले, मग जिन्याचे,
मग रात्री, कंदील झाकून, जहाजाच्या फळ्यांचे.
सकाळी मी नुसती भोकं मोजायचो.
मीही काढले. लिहा. सात.

ते खिळे जमिनीत पेरतात म्हणे, असं कुणीतरी म्हणालं,
आणि आम्ही पोट धरून हसलो.
पाहिरी नावाचा पोरगा मला खाडीवर घेऊन गेला.
विस्तवात तापवून, दगडावर वाकवून, घासून केलेले गळ.
एकेका गळाला हातभर मासा.
त्यातला एक त्यानं मला दिला.
भाव सांगितला नाही.

मग एका रात्री आमची लहान होडी गेली.
होडीत खिळे दोनशे चाळीस, हे मला पाठ आहे.
कप्तानानं त्यांच्या म्हाताऱ्या तेउराला जेवायला बोलावलं
आणि जेवण झाल्यावर साखळीत घातलं.
साखळीही लोखंडाचीच.
म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत होता,
बाजारात किंमत करावी तसा.

सकाळी कुणी ओरडलं नाही.
ते सगळे कमरेइतक्या पाण्यात उभे, बायापोरांसकट.
बंदुका आधी आमच्या वाजल्या. हे खोडू नका.
मग दगड, मग गदा.
कप्तान प्रवाळावर पडला, एका पायात बूट,
नकाशाची नळी काखेत घट्ट.
म्हातारा साखळीसकट कठड्यावरून गेला.
पाहिरीचं विचारू नका.
ओहोटीला अजून अवकाश होता.
पाण्यात जे होतं ते तिथंच राहिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
जहाज खिळखिळं झालं, असं लोक सहज म्हणतात.
मी ते होताना ऐकलंय.
तिसऱ्या वादळात, ज्यानं जिथून काढला होता
बरोब्बर तिथूनच पाणी आत आलं,
जणू प्रत्येकाच्या नावानं.
सत्तरांतले अठरा उरलो.

हिशेब ना? हो.
परत आलेले: एक.
हा बघा.
गदेच्या डोक्यात बसवलेला होता.
न्हाव्यानं माझ्या खांद्यातून चिमट्यानं ओढून काढला.
धुऊन पाहिलं, तर वर तिरकी खूण.
त्या सातांतला असेल. नसेलही.

झाली नोंद? मग इकडे द्या तो.
कंपनीचा आहे, मान्य.
पण माझ्या खिडकीची झडप सैल झालीय,
वारा सुटला की रात्रभर आपटते.